रिफाम्पिसिन नेमकं कुठे घाव घालतं? डीएनएवरून आरएनए कसा उतरतो याबद्दल

पाणकणीस

इथल्या आरोग्य विभागात क्षयरोगाच्या औषधांवर चर्चा चालू आहे. तिथे दोघा-तिघांनी विचारलं की रिफाम्पिसिन, म्हणजे ज्याने लघवी केशरी होते ते औषध, जंतूला मारतं म्हणजे नक्की काय करतं. मी मायकोबॅक्टेरियांवर, म्हणजे क्षयाच्या जंतूच्या कुळावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं पटेना, म्हणून हा वेगळा धागा.

थोडक्यात सांगायचं तर रिफाम्पिसिन जंतूला स्वतःची जनुकं वाचू देत नाही. आता हे वाचणं कसं चालतं ते बघू.

क्षयाच्या जंतूच्या डीएनएत सुमारे ४४ लाख अक्षरजोड्या (अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी ही चार रसायनं) आणि जवळपास ४,००० जनुकं आहेत (हा सगळा क्रम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला). पण डीएनए स्वतः कुठलंच काम करत नाही. कामं करतात प्रथिनं, ती बनतात पेशीतल्या रायबोसोम नावाच्या यंत्रावर, आणि रायबोसोमला डीएनए वाचता येत नाही. मधे एक निरोप्या लागतो, तो म्हणजे मेसेंजर आरएनए.

आज हे शाळेच्या पुस्तकात असतं, पण १९६० पर्यंत ते कोणाला ठाऊक नव्हतं. प्रत्येक जनुकाचा रायबोसोम वेगळा असावा, असाही एक विचार होता. सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा जाकोब आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी कॅलटेकमध्ये त्याचा निकाल लावला. त्यांनी ई. कोलाय जंतू जड नायट्रोजन आणि जड कार्बनवर वाढवले, म्हणजे जुने रायबोसोम वजनावरून ओळखू येतील. मग त्यांना विषाणूची लागण करून साध्या खाद्यात टाकलं. विषाणूच्या हुकमाने तयार झालेला नवा आरएनए जुन्याच, जड रायबोसोमवर बसलेला सापडला. म्हणजे रायबोसोम तेच, निरोप नवा. सुरुवातीला जड-हलके वेगळे करणाऱ्या सीझियमच्या द्रावणात रायबोसोम फुटत होते. मॅग्नेशियम वाढवल्यावर ते टिकले आणि प्रयोग जमला. १९६१ च्या मे महिन्यात हा निबंध छापून आला. मला आजही हा प्रयोग वाचताना फार आनंद होतो.

हा निरोप उतरवून घेणारं एन्झाइम म्हणजे आरएनए पॉलिमरेज. जंतूंमध्ये त्याचे मुख्य भाग असे: दोन अल्फा, एक बीटा, एक बीटा-प्राइम आणि छोटासा ओमेगा. यांना आरएनए जोडता येतो, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. ते कळतं सिग्मा नावाच्या सहाव्या भागाला, जो १९६९ मध्ये सापडला. जनुक सुरू होण्याच्या जागेपासून सुमारे १० आणि ३५ अक्षरं अलीकडे काही ठरावीक खुणा असतात. ई. कोलायमध्ये १० च्या जागी 'टीएटीएएटी' आणि ३५ च्या जागी 'टीटीजीएसीए', किंवा त्यांच्या जवळपासचं काहीतरी. सिग्मा त्या ओळखतो, आणि ते एन्झाइम तिथे डीएनए पकडून सुमारे १३ जोड्या उघडतं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण औषध इथेच काम करतं.

उघडलेल्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर एन्झाइम जोडीदार अक्षरं बसवायला लागतं. समोर टी असेल तर ए, जी असेल तर सी, सी असेल तर जी, आणि ए असेल तर यू, कारण आरएनएत टी नसतो. डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमला सुरुवातीला एक तयार तुकडा द्यावा लागतो. याला तसला आधार लागत नाही, पहिली दोन अक्षरं हे स्वतःच जोडतं. पण सुरुवात अवघड असते. सिग्माने खुणा घट्ट धरून ठेवलेल्या असतात, त्यामुळे एन्झाइम जागेवरून हलत नाही. ते पुढचा डीएनए आपल्याच पोटात ओढून घेत राहतं. बरेचदा चार-सहा अक्षरांचा तुकडा सुटून पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. आरएनए दहाएक अक्षरांच्या पुढे गेला की तो सिग्माचा एक भाग बाजूला सारतो, पकड सुटते आणि एन्झाइम धावू लागतं. ई. कोलायमध्ये तो वेग सेकंदाला साधारण ४० ते ५० अक्षरं असतो. मागे डीएनए मिटत जातो, पुढे उघडत जातो, आणि आरएनएची शेपटी एका वेगळ्या वाटेने बाहेर पडत राहते.

रिफाम्पिसिन नेमकं या बाहेर पडायच्या वाटेत बसतं. बीटा भागात एक खोबण आहे, तिथे. त्यामुळे दोन-तीन अक्षरं जोडून झाली की पुढच्या आरएनएला जागाच उरत नाही, आणि तो तुकडा गळून पडतो. एन्झाइम बिघडत नाही, डीएनएवर बसतं, उघडतं, दोन अक्षरं जोडतं आणि तिथेच अडकतं. मात्र आरएनए आधीच लांब झालेला असेल तर ती खोबण भरलेली असते आणि औषधाला शिरता येत नाही. उभ्या गाडीच्या चाकाला दगड लावला तर ती हलत नाही, पण धावत्या गाडीला तो लावता येत नाही, तसं. चालू असलेलं काम पुरं होतं, नवं सुरू होत नाही.

रिफाम्पिसिनच्या कुळातले रेणू आले मातीतून. १९५७ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातली माती मिलानच्या लेपेटित कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. तिच्यातल्या एका जंतूपासून रिफामायसिनं मिळाली, आणि त्यांच्यात फेरफार करून पोटातून घेता येईल असं रिफाम्पिसिन बनवलं गेलं. त्यापूर्वी क्षयाचे उपचार दीड वर्ष वगैरे चालत. रिफाम्पिसिनमुळे ते नऊ महिन्यांवर आणि पायराझिनामाइड या आणखी एका औषधाची जोड मिळाल्यावर सहा महिन्यांवर आले.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तशी उत्तरं देईन.

औषधवाटा

ताई, फार छान उलगडून सांगितलंत. माझं औषधांचं दुकान आहे. पेशंट नेहमी घाबरून येतात की लघवी लाल झाली, रक्त जातंय का. मी सांगतो की औषधाचा रंग आहे, काळजी नको, गोळी बंद करू नका. पण एक शंका आहे. आपल्या पेशींतही आरएनए पॉलिमरेज असतंच ना? मग ते का थांबत नाही?

पाणकणीस

दादा, असतं, आणि एक नाही, तीन. रॉबर्ट रोडर यांनी १९६९ मध्ये ते दाखवलं. पहिलं मुख्यतः रायबोसोमचा आरएनए बनवतं, दुसरं मेसेंजर आरएनए आणि तिसरं ट्रान्सफर आरएनएसारखे छोटे आरएनए. अक्षरं जोडायची जागा जंतूच्या एन्झाइमसारखीच आहे, कोट्यवधी वर्षांत तिच्यात फारसा बदल झालेला नाही. पण तिच्या आजूबाजूची खोबण वेगळी आहे. रिफाम्पिसिनला धरून ठेवणारी अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आपल्याकडे तशी नाहीत, त्यामुळे उपचाराच्या मात्रेत ते आपल्या एन्झाइमला चिकटत नाही.

आपल्या दुसऱ्या पॉलिमरेजचे १२ भाग आहेत आणि त्याला सुरुवात करायला इतर अनेक प्रथिनांची मदत लागते. यीस्टमधल्या अशाच पॉलिमरेजची रचना अणूंच्या पातळीवर दाखवल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचे वडील आर्थर कॉर्नबर्ग यांना १९५९ मध्ये डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमसाठी नोबेल मिळालं होतं.

राइनकाठ

आपल्या पॉलिमरेजला थांबवणारंही एक विष आहे आणि ते इथे जर्मनीत जंगलात उगवतं. डेथ कॅप नावाची फिकट हिरवट अळंबी. युरोपात अळंबी खाऊन जे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक हिच्यामुळे. तिच्यातलं अल्फा-अमानिटिन आपल्या दुसऱ्या पॉलिमरेजला चिकटतं आणि त्याचा वेग इतका घटवतं की निरोप उतरणं जवळपास बंद पडतं.

मला तिची भीती वाटते ती वेळापत्रकामुळे. खाल्ल्यावर पहिले सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस माणूस बरा झाल्यासारखा वाटतो, आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. आधी उतरवलेले निरोप आणि आधी बनलेली प्रथिनं असतात तोवर पेशी चालते. ती संपली की नवी येत नाहीत. आपल्याकडून नव्याने इकडे आलेल्या विद्यार्थ्यांना मी दर शरद ऋतूत सांगतो: जंगलातली अळंबी ओळखीची वाटली तरी तोडू नका. शिजवून हे विष जात नाही.

बारावी_सायन्स

नमस्कार. मी नीटची तयारी करतोय. टेम्प्लेट स्ट्रँड आणि कोडिंग स्ट्रँड यात माझा दर वेळी गोंधळ होतो. क्लासमध्ये पाठ करायला सांगितलंय, पण प्रश्न फिरवून आला की चुकतो. कोणी नीट समजावेल का?

चाफेकळी

मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. बाळा, पाठ करू नकोस. पाणकणीस यांच्याच औषधाचं खरं उदाहरण घेऊन करू.

बीटा भाग ज्या जनुकापासून बनतो त्याचं नाव आरपीओबी. त्यात ५३१ क्रमांकाचा तीन अक्षरांचा गट असा आहे (५′ आणि ३′ ही पट्टीच्या दोन टोकांची नावं):

कोडिंग: ५′ टी सी जी ३′
टेम्प्लेट: ३′ ए जी सी ५′
आरएनए: ५′ यू सी जी ३′

एन्झाइम टेम्प्लेटला ३′ कडून ५′ कडे वाचतं आणि आरएनए ५′ कडून ३′ कडे वाढवतं. म्हणून आरएनए कोडिंगसारखा दिसतो, फक्त टीच्या जागी यू. कोडिंग पट्टीला कोणी हात लावलेला नाही, ती फक्त बाजूला झालेली होती. यूसीजी म्हणजे प्रथिनात सेरीन हे अमिनो आम्ल.

आता कोडिंगमधला मधला सी बदलून टी झाला असं समज. टेम्प्लेटवर एएसी आलं, आरएनएवर यूयूजी. यूयूजी म्हणजे ल्युसीन. या एका बदलाने खोबणीचा आकार बदलतो आणि रिफाम्पिसिन तिथे बसत नाही. जगभर रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या क्षयजंतूंमध्ये सर्वांत जास्त आढळणारा बदल हाच.

आणि एक लक्षात ठेव, परीक्षेत इथे फसवतात: संपूर्ण डीएनएची एकच पट्टी टेम्प्लेट असते असं नाही. एका जनुकासाठी ही पट्टी, शेजारच्या जनुकासाठी ती, असं असू शकतं. दिशा शोध, मग पट्टी आपोआप कळेल. प्रश्नात फक्त एक पट्टी दिली असेल तर आधी तिची ५′ आणि ३′ टोकं बघ, अक्षरं नंतर.

बारावी_सायन्स

मॅडम, पहिल्यांदाच नीट कळलं. खूप आभार. म्हणजे औषधामुळे जंतूत हा बदल होतो का?

पाणकणीस

नाही, आणि हा समज सगळीकडे आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. बदल औषधाच्या आधीच झालेला असतो. डीएनएची नक्कल होताना अधूनमधून अक्षर चुकतं. रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू साधारण दहा कोटींत एखादा आपोआप निपजतो. फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णाच्या अंगात जंतू कोट्यवधी असतात, म्हणजे असे काही जंतू पहिली गोळी घेण्याआधीच तिथे असणार. नुसतं रिफाम्पिसिन दिलं तर बाकीचे मरतील आणि हे वाढतील. म्हणून चार औषधं एकत्र देतात. दोन वेगवेगळ्या औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू आपोआप निपजण्याची शक्यता नगण्य असते.

यात एक गोष्ट मला विलक्षण वाटते. आरपीओबीचा बदललेला निरोप उतरवतं कोण? जुनं, न बदललेलं पॉलिमरेज. त्या निरोपावरून बनलेला नवा बीटा भाग नव्या पॉलिमरेजमध्ये जातो, आणि हळूहळू जुन्याची जागा नवं घेतं. हे एन्झाइम स्वतःचाच आराखडा उतरवत असतं.

आणि मधेच गोळ्या सोडायच्या नाहीत, याचंही कारण याच कामात आहे. सगळे जंतू सारखे जागे नसतात. काही जवळजवळ निपचित असतात आणि मधूनच थोडा वेळ त्यांच्यात हालचाल होते, म्हणजे काही जनुकं उतरवली जातात. रिफाम्पिसिन अशा छोट्या जागेपणातही त्यांना गाठू शकतं, असं डेनिस मिचिसन यांनी मांडलं होतं. पण त्या वेळी औषध अंगात असायला हवं. दोन महिन्यांत ताप गेला, वजन वाढलं, तरी हे उरलेले जंतू असतात.

मांडवीपल्याड

आमच्या गोव्याचा उल्लेख करायलाच हवा. ट्रूनॅट हे यंत्र वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, त्यामुळे छोट्या आरोग्य केंद्रातही नेता येतं. बेडक्यातून डीएनए काढून आधी क्षयाचा जंतू आहे का ते बघतात, असेल तर त्याच डीएनएवर दुसरी चिप लावून आरपीओबीत बदल आहे का ते बघतात. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. त्याआधी २०१० पासून जीनएक्सपर्ट होतं, ज्याला आपल्याकडे सीबीनॅट म्हणतात. मी अशाच केंद्रात तंत्रज्ञ आहे. रिफाम्पिसिनविरोधी बदलांपैकी जवळपास ९५ टक्के आरपीओबीच्या ८१ अक्षरजोड्यांच्या पट्ट्यात असतात, म्हणून एवढं छोटं यंत्र पुरतं.

लोक विचारतात की उपचार चालू असताना हीच तपासणी परत करून जंतू मेले का ते का बघत नाही?

पाणकणीस

याचं उत्तर तुम्हाला माहीत असणारच, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिते. डीएनए टिकाऊ असतो. जंतू मेला तरी त्याचा डीएनए बरेच दिवस बेडक्यात सापडतो, म्हणून ही तपासणी मेलेल्यालाही हजर दाखवते. मेसेंजर आरएनएचं उलट आहे. जंतूत तो काही मिनिटांतच मोडला जातो. तो सापडला तर जंतू आत्ता, या घडीला निरोप उतरवतोय असं म्हणता येतं. पण इतकी नाजूक गोष्ट दवाखान्यातून प्रयोगशाळेपर्यंत शाबूत नेणं फार कठीण, म्हणून अजून बेडका सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि जंतू वाढवून बघणं यावरच भर आहे.

निरोप अल्पायुषी असणं हा दोष नाही बरं का. तो लवकर मोडतो म्हणून पेशीला हुकूम बदलता येतो.

डॉ_माळरान

डॉक्टर म्हणून एक भर घालतो, कारण ही दुसरी बाजू माहीत नसल्याने त्रास होतो.

रिफाम्पिसिन जंतूत निरोप उतरवणं थांबवतं, पण आपल्या यकृतात तेच औषध काही जनुकांचं उतरवणं *वाढवतं*. आपल्या पेशीत पीएक्सआर नावाचं एक प्रथिन असतं, बाहेरून आलेली रसायनं ओळखणारं. रिफाम्पिसिन त्याला चिकटलं की ते केंद्रकात डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतं, आणि औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांची जनुकं जोरात उतरवली जाऊ लागतात. त्यांतलं मुख्य म्हणजे सीवायपी३ए४. परिणाम पूर्ण दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि गोळी बंद केल्यावर ओसरायलाही तितकेच.

व्यवहारात याचा अर्थ असा: गर्भनिरोधक गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन कमी पडतं. किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस रक्तात खाली जातं. एचआयव्हीचं डोल्युटेग्राविर एकदा ऐवजी दिवसातून दोनदा द्यावं लागतं. क्षयाचा दवाखाना वेगळा आणि बाकीच्या आजारांचा डॉक्टर वेगळा असं आपल्याकडे सर्रास असतं. कृपया दोन्हीकडे सगळ्या गोळ्या दाखवा. बायकांना मी स्वतःहून विचारतो, कारण संकोचाने त्या गर्भनिरोधक गोळीचं सांगत नाहीत.

औषधवाटा

डॉक्टरसाहेब, हे दुकानातही प्रत्येकाला विचारायला हवं. आजपासून विचारणार.

तिरकी_रेघ

एमआरएनए, म्हणजे मेसेंजर आरएनए म्हटलं की मला कोविडची लस आठवते. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर अजूनही फिरतं की ती लस डीएनए बदलते. खरं काय?

चाफेकळी

लशीतला आरएनए केंद्रकात जात नाही. तो पेशीद्रवात रायबोसोमवर वाचला जातो आणि काही दिवसांत मोडतो. आरएनएवरून डीएनए बनवायला वेगळं एन्झाइम लागतं, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. ते हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये विषाणूंमध्ये शोधलं. एचआयव्ही ते स्वतःबरोबर घेऊन येतो, लशीत ते नसतं.

या धाग्याशी जुळणारी गोष्ट म्हणजे लशीचा आरएनए कारखान्यातही ट्रान्सक्रिप्शननेच, म्हणजे डीएनएवरून उतरवूनच बनतो. डीएनएचा साचा, चार अक्षरं आणि टी७ या जंतुभक्षक विषाणूचं पॉलिमरेज. त्यात अल्फा-बीटा वगैरे काही नाही, एकाच प्रथिनाचं ते एन्झाइम आहे. आपल्या पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली होती.

बारावी_सायन्स

अजून एक. पुस्तकात आहे की जंतूंत ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशन एकाच वेळी होतं, आपल्यात नाही. फरक काय पडतो?

पाणकणीस

जंतूला केंद्रक नाही. आरएनएचं पुढचं टोक बाहेर आलं की रायबोसोम त्यावर चढतो, मागचं टोक अजून उतरत असतानाच. आपल्यात उतरवणं केंद्रकात आणि प्रथिन बनणं बाहेर. मधे आरएनएवर बरीच कामं होतात: पुढच्या टोकाला टोपी बसते, मागे शे-दोनशे ए ची शेपटी लागते आणि मधले नको असलेले तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापून टाकले जातात. इंट्रॉन १९७७ मध्ये सापडले, फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना त्यासाठी १९९३ चं नोबेल मिळालं.

यात वेळ किती जातो त्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे स्नायूंतल्या डिस्ट्रोफिन प्रथिनाचं जनुक. ते २० लाखांहून अधिक अक्षरजोड्यांचं आहे आणि एकदा उतरवायला सुमारे १६ तास लागतात. शेवटी हातात येणारा निरोप जेमतेम १४,००० अक्षरांचा. बाकी सगळं कापून टाकलेलं.

औषधवाटा

शेवटचा प्रश्न. तपासणीत रिफाम्पिसिनला दाद देत नाही असं निघालं तर पुढे काय?

डॉ_माळरान

मग जंतूच्या दुसऱ्या कामांवर मारा करतात. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मोक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा उपचार २०२४ मध्ये आपल्याकडे मंजूर झाला. लिनेझोलिड रायबोसोमवर बसतं, म्हणजे निरोप उतरला तरी त्याचं प्रथिन होत नाही. मोक्सिफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला पकडतं. बेडाक्विलिन ऊर्जा बनवणाऱ्या एन्झाइमला. कोणाला कुठला उपचार द्यायचा ते जिल्हा क्षयरोग केंद्रात तपासण्या करून ठरतं.

आणि बेडाक्विलिन सीवायपी३ए४ कडूनच मोडलं जातं, म्हणून त्याच्यासोबत रिफाम्पिसिन देत नाहीत. आधी रिफाम्पिसिन चालू असेल तर ते बंद केल्यावरही यकृतातला तो वाढीव वेग दोनेक आठवडे टिकतो. म्हणून रुग्णाने आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणि त्या कधी बंद केल्या त्याची तारीख बरोबर आणावी.